मांजराला दोरी, पण कलाकलाने

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न मराठी माणूस लहानपणापासून ऐकत आला आहे. शहरांतील फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्या कुटुंबांपुढे सध्या त्याच जातीचा दुसरा प्रश्न असतो: मांजराच्या अंगात हार्नेस कोण चढवणार? हार्नेस म्हणजे छाती आणि पोटाभोवती बसणारा पट्ट्यांचा किंवा कापडी जाकिटासारखा साज. त्याच्या पाठीवरच्या कडीत दोरी अडकवून मांजराला बाहेर फिरवता येते. दुकानातून हार्नेस आणणे सोपे असते, तो घालणे कठीण. बहुतेक घरांत पहिल्याच प्रयत्नात एक तर माणसाच्या हातावर ओरखडे उठतात किंवा मांजर जमिनीला चिकटल्यासारखे आडवे होते. मग हार्नेस कपाटात जातो आणि मांजर पुन्हा खिडकीत जाऊन बसते.

खरी काळजी या खिडकीचीच आहे. वाड्यात किंवा चाळीत राहणारे मांजर कौलांवरून, कठड्यांवरून मोकळे फिरत असे. आठव्या मजल्यावरच्या मांजराला बाहेरचे जग दिसते, त्याचे वास येतात, समोर कबुतर येऊन बसते आणि झेप घेतली की खाली काहीच नसते. पडताना मांजर हवेत वळून पायांवर उतरते, हे खरे आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मारे यांनी 1894 मध्ये लागोपाठ छायाचित्रे घेऊन ही करामत दाखवली होती. पण पायांवर उतरणे म्हणजे सुखरूप उतरणे नव्हे. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांत उंचावरून पडलेली 132 मांजरे आणली गेली. त्यांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के मांजरे वाचली, पण छातीला मार, तुटलेले दात, जबड्याच्या आणि पायांच्या हाडांचे अस्थिभंग अशा दुखापती मोठ्या प्रमाणावर होत्या. शिवाय जागीच मेलेली मांजरे रुग्णालयात कोणी आणत नाही, त्यामुळे तो आकडा मुळातच दिलासा देण्याकडे झुकलेला आहे. म्हणून हार्नेस येवो न येवो, खिडक्यांना आणि बाल्कनीला मजबूत जाळी हवीच. बाहेर फिरणे हा जाळीला पर्याय नाही, ती वरची भर आहे.

मांजर आडवे का पडते?

पहिल्यांदा हार्नेस घातल्यावर मांजर कुशीवर कोसळते, मागचे पाय ओढत चालते किंवा पुतळ्यासारखे थिजते. घरचे लोक हसतात, व्हिडिओ काढतात. मांजर मात्र नाटक करत नसते. मांजर उंदराचा शिकारी आहे, तसेच ते स्वतः कुत्र्याचे किंवा त्याहून मोठ्या जनावराचे भक्ष्यही ठरू शकते. अंगाला चारी बाजूंनी अचानक आवळल्याचा स्पर्श झाला, की 'आपल्याला कोणी तरी पकडले' असाच अर्थ त्याचे शरीर लावते. अशा वेळी झटापट करून सुटणे किंवा निपचित पडून राहणे हे दोनच मार्ग त्याला ठाऊक असतात. मोठ्या झालेल्या बाहुल्या, मागे वळलेले किंवा चपटे झालेले कान, पोटाशी घेतलेली शेपटी ही भीतीची लक्षणे आहेत. निपचित पडलेले मांजर शांत झाले असे समजून त्याला तसेच दारापर्यंत ओढत नेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. त्या दिवसापासून हार्नेस दिसताच ते पलंगाखाली जाते.

मांजरांनीच शिकवलेला उपचार

ही भीती कशी घालवावी, याचे उत्तर मानसशास्त्राला मांजरांकडूनच मिळाले आहे. अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेल्या मांजरांना लाकडी पट्ट्यांच्या पेटीत ठेवले आणि खाणे बाहेर ठेवले. दोरी ओढली किंवा खटका दाबला, की दार उघडत असे. मांजर आधी ओरबाडे, चावे आणि योगायोगाने खटका दाबला जाई. पुढच्या प्रत्येक खेपेला वायफळ धडपड कमी होत गेली आणि बाहेर पडायला लागणारा वेळ घटला. ज्या कृतीचा शेवट गोड होतो ती पक्की होते, हा नियम त्यातून पुढे आला. मांजराला काही शिकवता येत नाही, ही समजूत तेव्हापासूनच निकालात निघायला हवी होती.

दुसरा धडा जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी मनोविकारतज्ज्ञांचा. जोहान्सबर्ग येथे 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पिंजऱ्यात विजेचे धक्के देऊन मांजरांच्या मनात भीती निर्माण केली. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणे अवघड आहे. ती मांजरे नंतर भुकेली असूनही त्या पिंजऱ्यात अन्नाला तोंड लावेनात. वोल्पे यांनी मग पिंजऱ्यापासून दूर, वेगळ्या दिसणाऱ्या खोलीत त्यांना खाऊ घातले. तिथे ती निर्धास्त खाऊ लागल्यावर पिंजऱ्याच्या खोलीशी थोडे साम्य असलेल्या खोलीत, मग आणखी जवळ, असे करत शेवटी ती त्याच पिंजऱ्यात शांतपणे जेवू लागली. खाण्याचे समाधान आणि भीती एकाच वेळी शरीरात जोर धरू शकत नाहीत. भीतीची मात्रा पुरेशी लहान असेल तर समाधान तिला मागे सारते. याच तत्त्वावर त्यांनी माणसांच्या भयगंडावरील उपचारपद्धती 1958 मध्ये ग्रंथरूपाने मांडली. उंचीची, लिफ्टची किंवा इंजेक्शनच्या सुईची भीती असणाऱ्या रुग्णांना आजही भीतीच्या वस्तूची ओळख पायरीपायरीने करून दिली जाते. मराठीत याला सोपा शब्द आहे: कलाने घेणे.

पायऱ्या कोणत्या?

पहिले दोन-तीन दिवस हार्नेस घालायचाच नाही. मांजर जिथे झोपते किंवा जेवते तिथे तो नुसता पडू द्यावा. हुंगून, पंजाने हलवून त्याची भीड चेपली, की रोजचा आवडता खाऊ, उकडलेल्या चिकनचा किंवा माशाचा नखाएवढा तुकडा, त्याच्याजवळ ठेवावा. बक्कल लावताना होणारा 'कट्' असा आवाज किंवा व्हेल्क्रोचा फर्र आवाज अनेक मांजरांना घाबरवतो. तो आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला करून लगेच खाऊ द्यावा आणि रोज थोडे जवळ यावे.

मग हार्नेस क्षणभर पाठीवर ठेवावा, खाऊ द्यावा, उचलावा. पुढे गळ्याच्या फटीतून खाऊ दाखवून मांजराला स्वतःहून डोके आत घालू द्यावे. डोक्यावरून जबरदस्तीने ओढू नये. हे सहज जमू लागल्यावरच बक्कल लावावे आणि पहिल्या दिवशी काही सेकंदांतच काढावे. वेळ रोज थोडा वाढवावा. मांजर अस्वस्थ होण्याच्या आधी हार्नेस काढणे हा या सगळ्यातील मुख्य मुद्दा आहे. ते झटापट करू लागल्यावर काढला, तर झटापट केली की सुटका होते, हाच धडा ते शिकते. तशी वेळ आलीच, तर खाऊने किंवा खेळण्याने लक्ष वळवावे, क्षणभर शांत होऊ द्यावे, मग काढावा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली यावे.

हार्नेस घालून ते घरात नेहमीसारखे चालू-खेळू लागले, की दोरी जोडावी आणि देखरेखीखाली नुसती मागे सरपटू द्यावी. त्यानंतर दोरी हातात घ्यावी, पण सैल. मांजर कुत्र्यासारखे माणसाच्या मागे चालत नाही. माणसाने त्याच्या मागे जायचे असते. प्रत्येक बैठक दोन ते पाच मिनिटांची, जेवणापूर्वीच्या भुकेच्या वेळी, दिवसातून एकदोनदा पुरे. लहान पिल्ले काही दिवसांत तयार होतात. मोठ्या मांजराला अनेक आठवडे लागू शकतात.

खांदे फसवे असतात

माणसाचे कॉलरबोन खांद्याला छातीच्या हाडाशी जोडते. मांजराचे हे हाड इवलेसे असते आणि सांध्याने कुठेही न जोडता स्नायूंत रुतलेले असते. त्यामुळे खांदे आक्रसून, डोके जाईल तिथून ते अख्खे निसटू शकते, तेही बहुधा मागे सरकत. म्हणून हार्नेस मांजरासाठीच बनवलेला आणि मापाचा असावा. पट्टा आणि अंग यांच्यात एक-दोन बोटे जातील इतकीच सैल फट ठेवावी. गळ्यातील पट्ट्याला दोरी कधीही जोडू नये, मांजराने झेप घेतली तर मानेला इजा होते. दोरीने बांधून त्याला एकटे सोडणेही तितकेच धोक्याचे.

दाराबाहेर जाण्यापूर्वी

बाहेर पाऊल टाकण्याआधी पशुवैद्यकांकडून रेबीजची आणि पॅनल्युकोपेनियासारख्या मांजरांच्या आजारांची लस, जंताचे औषध आणि पिसवांवरील औषध देऊन घ्यावे. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला चुकूनही लावू नये. ते त्याच्यासाठी विषारी आहे. पिसवांचा बंदोबस्त माणसांच्याही हिताचा आहे. 'कॅट स्क्रॅच' आजाराचे बार्टोनेला जंतू मांजरांमध्ये पिसवांमार्फत पसरतात आणि पिसवांची विष्ठा लागलेल्या नखाच्या ओरखड्यातून माणसाच्या अंगात शिरतात. मग काखेत किंवा मानेत गाठ येते, ताप येतो.

पहिली सफर सोसायटीच्या बागेत नव्हे, तर शांत गच्चीवर करावी आणि गच्चीच्या कठड्यापासून दूर राहावे. वेळ पहाटेची बरी. उन्हाळ्यात दुपारची फरशी पंजे भाजते. मांजराला दारातून चालवत नेऊ नये, पिशवीत किंवा कॅरियरमध्ये घालून न्यावे, नाही तर दार उघडले की पळायची सवय लागते. उघडी पिशवी तिथेही जवळ ठेवावी, कारण घाबरलेल्या मांजराला शिरायला ओळखीची जागा हवी असते. आपल्याकडे गल्लोगल्ली भटकी कुत्री आहेत. कुत्रा दिसला म्हणून बिथरलेल्या मांजराला उघड्या हातांनी उचलले, तर ते मालकालाच चावते. दोरी न सोडता त्याच्यावर जाड टॉवेल टाकावा किंवा पिशवी पुढे करावी. अशी भीती काही तास टिकू शकते. घरी आल्यावर त्याला एकटे राहू द्यावे.

चावा बसलाच तर

मांजराचा चावा दिसायला लहान, पण दात सुईसारखे असल्याने जंतू खोल जातात. पाश्चुरेला हा जंतू बहुतेक मांजरांच्या तोंडात असतो. बोटाला किंवा मनगटाला चावा बसल्यास एका दिवसाच्या आतच लाली, सूज आणि ठणका सुरू होऊ शकतो. सांध्यापर्यंत संसर्ग गेला तर शस्त्रक्रियेची वेळ येते. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज मांजरापासूनही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. दात रुतून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. त्वचेत द्यायची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी घेतात. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचे, पण उपचार त्यासाठी थांबवायचे नाहीत. 'घरचेच आहे, लस दिलेली आहे' हा निर्णय घरी घेऊ नये. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारून घ्यावे.

नाही म्हणणारे मांजर

प्रत्येक मांजराने हार्नेस स्वीकारलाच पाहिजे असे नाही. वयस्कर, सांधेदुखी किंवा दमा असलेले, नुकतेच घरी आलेले किंवा पाहुणा आला तरी लपून बसणारे मांजर बाहेर सुखी होत नाही. फिरताना तोंड उघडून धापा टाकणे हे कुत्र्यात नेहमीचे असले, तरी मांजरात ते धोक्याचे चिन्ह आहे; तत्काळ घरी न्यावे आणि लवकर थांबले नाही तर पशुवैद्यकांना दाखवावे.

अशा मांजरासाठी जाळी लावलेल्या खिडकीत बसायला रुंद फळी, चढायला कपाटाचा माथा, लपायला पुठ्ठ्याचे खोके आणि रोज दोन वेळा दोरीला बांधलेल्या पिसामागे धावण्याचा दहा-पंधरा मिनिटांचा खेळ पुरेसा आहे. त्याच्या जेवणातला थोडा भाग घरभर लपवून ठेवला तर शिकारीची हौसही भागते आणि फ्लॅटमधल्या मांजरांचे सुटणारे वजनही आटोक्यात राहते. महिनाभर कलाने घेऊनही मांजर हार्नेस पाहताच पलंगाखाली जात असेल, तर त्याचे उत्तर मिळाले आहे असे समजावे आणि पैसे जाळीवर खर्च करावेत.