वेधशाळा किनाऱ्यावर, पाऊस डोंगरात

हवामान वेधशाळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ४३००१ हा क्रमांक डहाणूचा आहे. पालघरच्या उत्तर किनाऱ्याचं हवामान कित्येक दशकं इथूनच नोंदलं जातं. पद्धत साधी, पण काटेकोर. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मापनळीत ओतायचं आणि सरलेल्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेखाली लिहायचा. रात्री दहाला धो धो कोसळलेली सर त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या नावावर जाते. वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ऑगस्ट २०२० च्या सुरुवातीला तर एका दिवसातच तीनशे मिलिमीटरहून जास्त कोसळला.

हे आकडे मात्र किनाऱ्याचे. सायवन, धुंदलवाडी, उधवा ही गावं पूर्वेला, डोंगराच्या बाजूला. समुद्राच्या वाऱ्यामुळे डहाणूत दिवसाचा ताप आणि रात्रीचा गारठा दोन्ही बेताचे राहतात. आत तसं नसतं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा घरात झोपायच्या भीतीने लोकांनी थंडीच्या रात्री अंगणात, तंबूत काढल्या. लेकरांना घेऊन उघड्यावर झोपलेल्या त्या माणसांना डहाणूच्या किमान तापमानाचा काय उपयोग होता?

अंदाजाचंही तेच. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. तोवर इथला अंदाज 'ठाणे जिल्हा' या नावाखालीच येई. आता जिल्हा वेगळा, पण त्यातही वसईची खाडी आणि जव्हारचा घाट एकाच रंगाच्या इशाऱ्यात बसतात. वादळांच्या बाबतीत मात्र असा मोठा पट्टा धरण्याला इलाज नसतो. जून २०२० मध्ये 'निसर्ग' हरिहरेश्वर ते दमणच्या दरम्यान धडकेल, असा सुरुवातीचा अंदाज होता. इथल्या किनाऱ्यावरचे लोक हलवले गेले, आणि ३ जूनला वादळ रायगडात शिरलं. ती धावपळ फुकट गेली असं मी म्हणणार नाही. त्या वेळी तेच करणं योग्य होतं.

खरा घोर लागतो तो रोजच्या हवेचा. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, पण पावसाची झड दिवसेंदिवस उघडली नाही आणि हवेतला दमटपणा हटला नाही, की झाडावरच्या फळाला बुरशी धरते. फळ मऊ पडतं, गळतं, बागेत खाली सडा पडतो. विम्याची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राने टिपलेल्या पावसावर आणि आर्द्रतेवर. म्हणून केंद्र कुठे बसवलंय, त्यावर झाडाची सावली पडते का, हे प्रश्न बागायतदाराच्या पोटापाण्याचे आहेत.

कोसबाडच्या टेकडीवरचं कृषी विज्ञान केंद्र या बाबतीत कामाचं ठरलं होतं. तिथल्या कृषी हवामान केंद्रातून मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज व पिकांचा सल्ला निघे. ऑक्टोबरात भात कापून खाचरात पसरावा की दोन दिवस थांबावं, हे त्यावरून ठरवता येई. कापलेलं भात भिजलं की दाण्याला कोंब येतात आणि पेंढाही काळा पडतो. २०२४ मध्ये देशभरातली अशी जिल्हा केंद्रं बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला हवीत, आणि निदान एकेक पर्जन्यमापक उधवा-सायवनच्या शाळांच्या आवारात बसायला हवा.