दिवाळी, परमुलूख आणि रजेचा हिशेब

सणाला पैसा लागतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याहून अधिक सवड लागते, याची जाणीव स्वदेशात सहसा होत नाही. महाराष्ट्रात दिवाळी आली की शाळा बंद होतात, कचेऱ्या ओस पडतात आणि सारा समाजच एकमेकांना मोकळा वेळ देतो. परदेशी गेलेल्या कुटुंबाला मात्र हा वेळ स्वतःच्या तुटपुंज्या शिलकीतून खर्चावा लागतो. तेथील दिवाळीची खरी अडचण पणत्यांची वा फराळाची नसून ती ही आहे.

इंग्लंडचेच उदाहरण घ्यावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. म्हणजे मराठी माणसाला तो मुलूख नवखा नाही. पणत्या, उटणे, चकलीची भाजणी हे सारे आता तेथे मिळते. अभ्यंगस्नान तर इकडच्यापेक्षा सोपे म्हणावे लागेल! ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. सहाला उठणाऱ्यालाही नरकात जाण्याचे भय नाही. परंतु स्नान आटोपून सर्वांनी एकत्र फराळाला बसावे, तर घड्याळ बसू देत नाही. आगगाडी गाठायची असते, मुलांची शाळा असते. लक्ष्मीपूजन दमलेल्या माणसांनी रात्री उरकायचे आणि भाऊबीज दूरध्वनीवर करायची. तेथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यातल्या बहिणीची मध्यरात्र उलटलेली असते.

तेथील कायद्याने दिवाळीची दखल घेतलेली नाही असे नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या नियमांनुसार रात्री अकरानंतर फटाके उडविण्यास मनाई आहे. दिवाळीच्या रात्री मात्र ही मुभा एक वाजेपर्यंत वाढविलेली आहे. गंमत अशी की, रात्री एकपर्यंत फटाके उडविण्याची परवानगी असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर राहावे लागते. सार्वजनिक सुट्या आठ, आणि त्यांपैकी चार नाताळ व ईस्टरशी निगडित. आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान २८ दिवसांची भरपगारी रजा मिळते. पण या आठ सुट्या मालकाला त्यातच धरता येतात. मग हाती उरतात वीस दिवस.

या विसांतच मुलांची आजारपणे, शाळेच्या सुट्या आणि मायदेशची वारी बसवायची असते. अर्थशास्त्रात एखाद्या गोष्टीची किंमत तिच्यासाठी सोडाव्या लागलेल्या दुसऱ्या गोष्टीने मोजतात. त्या मापाने पाहिले तर दिवाळीला घेतलेली दोन दिवसांची रजा म्हणजे सांगलीत वा साताऱ्यात वाट पाहणाऱ्या वृद्ध आईवडिलांच्या सहवासातून वजा झालेले दोन दिवस होत. सणासाठी रजा न काढणाऱ्या मुलाला ‘साहेब झाला’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

यावर बहुतेकांनी काढलेला तोडगा म्हणजे सण शनिवारी साजरा करणे. त्यात अधर्म काही नाही. तथापि, तिथीच्या दिवशी घरात काहीच घडले नाही, तर मुलाच्या लेखी दिवाळी म्हणजे सभागृहातील करमणुकीचा एक कार्यक्रम एवढेच उरेल. मेजवानी शनिवारी व्हावी. परंतु पहाटेचे उटणे आणि दारातली पणती तिथीलाच व्हावी. त्याला रजा लागत नाही, अर्धा तास लागतो.

राहिला सार्वजनिक सुटीचा प्रश्न. त्रिनिदादमध्ये १९६६ पासून दिवाळीची सुटी आहे. पण तेथे १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज लोकसंख्येचा मोठा हिस्सा आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार हिंदू सुमारे दहा लाख, म्हणजे शेकडा दोनहूनही कमी. त्यांच्यासाठी सर्वांचे काम थांबवावे ही मागणी मान्य होणे कठीण. त्यापेक्षा एका सुटीच्या बदल्यात आपल्या सणाची सुटी निवडण्याचा हक्क मागणे अधिक शहाणपणाचे ठरेल. काही मालक अशी मुभा देतातही. ती कायद्याने सर्वांना मिळावयास हवी.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षातून दोन ऐच्छिक सुट्या स्वतःच्या पसंतीने घेता येतात. मात्र आपल्याकडच्या खाजगी कारखान्यात वा दुकानात काम करणाऱ्या, दूर प्रांतातून आलेल्या माणसाला त्याच्या सणाला किती मालक मोकळे सोडतात? परदेशातील आपल्या मुलांसाठी जी सवड आपण मागतो, ती आपल्या दाराशी राबणाऱ्या परप्रांतीयाला आपण दिली पाहिजे. तेवढे केल्यावर ती मागणी अधिक ताठ मानेने करता येईल.