जर्मन घरातले रोमन पाहुणे

जर्मन भाषेत भिंतीला दोन शब्द आहेत. खोलीची ती 'वांड', दगडविटांची भक्कम ती 'माउअर'. 'वांड' अस्सल घरची. गुंडाळणे, वळणे या अर्थाच्या 'विंडन'शी तिचं नातं. जुन्या जर्मानिक टोळ्या फांद्या विणून त्यावर माती लिंपत. कोकणातला कूडच म्हणा ना!

दगड-चुन्याचं बांधकाम ऱ्हाइनकाठी रुजवलं रोमनांनी. मालाबरोबर शब्दही आले: 'मूरुस'ची 'माउअर' झाली, 'फेनेस्ट्रा'चं 'फेन्स्टर', म्हणजे खिडकी.

खरी गंमत उच्चारांत आहे. तळघराला जर्मन 'केलर' म्हणतात, मठातल्या कोठडीला 'त्सेले'. दोन्हींचं मूळ लॅटिन 'केला'. लॅटिनमध्ये 'क' शाबूत होता तेव्हा 'केलर' आला. पुढे 'क'चा 'त्स' झाल्यावर चर्चच्या लॅटिनमधून 'त्सेले'. शब्द केव्हा आला, हे त्याचं पहिलं अक्षरच सांगतं.

विटेला किंवा कौलाला 'त्सीगल' म्हणतात, लॅटिन 'तेगुला'. छपराचा 'दाख' मात्र देशी. तरीही झाकणे या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून दोघे निघालेत, म्हणजे छप्पर आणि कौल चुलतभाऊच.