रस्त्यावरच्या दिव्याला इंटरनेट कशाला?

रात्रीचे दोन. तुमच्या गल्लीत एखादं कुत्रं सोडलं तर चिटपाखरू नाही, पण खांबावरचा दिवा पूर्ण जोरात चालू. तो निम्म्यावर आणला तर? माझ्या पीएचडीचा विषय थोडक्यात हाच. (नातेवाईक विचारतात, "म्हणजे तू बटणं दाबणार?")

नुसतं घड्याळ लावूनही दिवे मंद करता येतात. पण घड्याळाला रात्रपाळीहून परतणारी नर्स दिसत नाही. ती पोचायच्या आत पुढचे दोन-तीन दिवे उजळायला हवेत, म्हणजे दिव्यांनी एकमेकांना निरोप द्यायला हवा आणि त्यासाठी प्रत्येकाला पत्ता हवा.

जुन्या आयपीव्ही४ मध्ये पत्ते सगळे मिळून साधारण ४३० कोटी, ते फोनांनाच पुरत नाहीत. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा, त्यामुळे टंचाई संपली. पण गंमत बघा. कमी विजेवर चालणारा ८०२.१५.४ जातीचा रेडिओ एका दमात जेमतेम १२७ बाइट पाठवतो, आणि आयपीव्ही६ च्या पाकिटावरचा नुसता पत्त्याबित्त्याचा मजकूरच ४० बाइटचा! यावर २००७ मध्ये सिक्सलोपॅन नावाचं मानक आलं. शेजारच्या काकूंना चिठ्ठी देताना आपण पिनकोड लिहितो का? तसंच, जे दोघांनाही ठाऊक आहे ते गाळायचं. शेजारच्याच खांबाशी बोलायचं असेल तर पुढच्या सुधारणांनंतर ४० चे अगदी २-३ बाइटही होतात.

आता खरी मेख. १०० वॉटचा दिवा रोज पाच तास निम्म्यावर ठेवला तर २५० वॉट-तास वाचतात. त्यावरचा कंट्रोलर १ वॉट खातो असं धरा. तो दिवसाही जागा, म्हणून २४ वॉट-तास गेले. चालेल. पण गल्लीतला २० वॉटचा एलईडी वाचवतो ५० आणि कंट्रोलर खातो तेच २४. निम्मी बचत तिथेच गुल! 'स्मार्ट सिटी'च्या चकचकीत सादरीकरणांत हा आकडा मला क्वचितच दिसतो.

म्हणून लहान गल्ल्यांत पाच दिव्यांमागे एकच कंट्रोलर ठेवावा, असं माझं मत. पाचही एकदम उजळतील, उजळू देत. शिवाय रेडिओला निरोप पाठवण्याइतकीच वीज नुसतं ऐकत बसायलाही लागते, तेव्हा त्याला बहुतेक वेळ झोपवायचं आणि ठरल्या क्षणी उठवायचं. आणि निरोप हरवला, तर दिवा मंद नाही, पूर्ण उजेडावर गेला पाहिजे. तिथे वीज वाचवायची नाही.