हजार चित्त्यांचा बादशहा

धुऱ्यावरून तुरीत घुसलेला हरणांचा कळप हाकलायला गेलात आणि धापा टाकत परत आलात, यात लाजण्यासारखं काही नाही, पोट्टेहो. काळवीट जीव घेऊन पळालं की ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातं. आता मला सांगा, आपल्या आसेगावच्या शिवारात त्याच्यामागं लागतं कोण? लांडगा, नाहीतर गावातली कुत्री. त्यांच्यापासून सुटायला एवढा वेग लागत नाही. मग तो त्याच्या अंगात आला काहून?

काही शास्त्रज्ञ म्हणतात, हा वेग त्याला एका जुन्या वैऱ्यानं दिला. हळू पळणारी हरणं हजारो पिढ्या त्या वैऱ्याच्या पोटात गेली आणि वेगवान तेवढी उरली. वैरी गेला, वेग राहिला. त्या वैऱ्याचं नाव चित्ता. बिबट्या नव्हे बरं, त्याची गल्लत करू नका. चित्ता सडपातळ, लांब पायांचा, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असलेला. त्याच्या नख्या मांजरासारख्या पूर्ण आत जात नाहीत, म्हणून धावताना जमीन धरून ठेवतात. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो नि सुटतो, आणि हरणानं वळण घेतलं की लांब शेपटी सुकाणूचं काम करते. पण हा सगळा खेळ मिनिटभराच्या आतला. तेवढ्यात शिकार साधली नाही तर चित्ता धापा टाकत बसून राहतो. दमलेल्या चित्त्याच्या तोंडची शिकार दुसरं कोणीही पळवून नेतं.

अशा या प्राण्यावर दिल्ली-आग्र्याचे मुघल भाळले. अकबराचा समंद माणिक नावाचा चित्ता होता. तो चौडोलात, म्हणजे पालखीत, बसून निघायचा, पुढं नगारा वाजायचा आणि बाजूनं नोकर धावायचे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात हे सगळं आहे. चित्त्यांच्या प्रती ठरलेल्या, कोणत्या प्रतीला किती मांस द्यायचं तेही ठरलेलं. शिकारीला नेताना डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीत बसवायचे. हरणं माणसाला बिचकतात, बैलगाडीला नाही. त्यामुळं गाडी पार जवळ जायची. मग टोपी काढली की काम झालं.

त्याच ग्रंथात वऱ्हाडही आहे बरं का. अहमदनगरच्या चांदबिबीनं १५९६ साली वऱ्हाड मुघलांना सोडून दिला, आणि मग त्यांच्या हिशेबात सुभ्याची जी सरकारं, म्हणजे जिल्हे, मांडली गेली त्यांत आपलं वाशीमही आलं. चित्त्याला द्यायच्या मांसापासून वाशीमच्या महसुलापर्यंत सगळं एकाच दप्तरात! लिहून ठेवण्याची ही हौस मला त्यांच्या ताजमहालापेक्षा मोठी वाटते.

दप्तरात बसली नाही ती एक गोष्ट. चित्त्याची पिल्लं.

जहांगीर हा अकबराचा मुलगा. राज्यकारभारापेक्षा पशुपक्षी पाहण्यात अधिक रमणारा, असं माझं मत आहे. तो आपल्या आठवणींत लिहितो की वडिलांनी एका वेळी हजार चित्ते जमवले होते. नर-मादी गळ्यातले पट्टे काढून बागेत सोडून पाहिले, एकदा नाही, पुष्कळदा. जमलं नाही. पुढं जहांगीराच्या काळात, १६१३च्या सुमारास, एक नर पट्टा सोडवून आपणच मादीकडं गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्लं झाली. बादशहाला त्याचं इतकं नवल वाटलं की त्यानं ते नोंदवून ठेवलं. त्यानंतर माणसाच्या ताब्यात चित्त्याची पिल्लं झाल्याची पुढची नोंद १९५६ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली.

असं का? रानात चित्त्याची मादी एकटी हिंडते, तिचा फेरा फार लांबचा. नर, बहुधा भाऊ-भाऊ मिळून, एखादा तुकडा धरून बसतात आणि मादी तिथून जाता-येता त्यांना भेटते. नर-मादी सदा एकत्र कोंडली की दोघांनाही एकमेकांत रस उरत नाही. बादशहाच्या बागेत नेमकं तेच होत होतं. शिवाय शिकार शिकवते ती आई. म्हणून आईजवळ तयार झालेले चित्तेच रानातून धरून आणायचे. अकबरानं शिकवणीचे महिने १८ दिवसांवर आणले, कमी खोल खड्डे खणून धरतानाची इजा कमी केली. धरण्यात इतकं डोकं चालवलं. पण कोठारात भर घालायची तर रानातूनच, आणि रान काही भरून देत नव्हतं.

मुघलांच्या राज्याचंही थोडं असंच, घ्यायचं पण भर घालायची नाही. सरदाराला पगाराऐवजी जागिरीचा महसूल मिळे आणि जागीर तीन-चार वर्षांत बदले. मग तिथं विहीर कोण खोदणार? औरंगजेब १६८१ ते १७०७ दख्खनेत लढत राहिला. सरदार वाढले, द्यायला जागिरी पुरेनात. त्याच्या मरणानंतर सतराच वर्षांनी, १७२४ च्या ऑक्टोबरात, आपल्या पश्चिमेला बुलडाण्यातल्या साखरखेर्ड्याला लढाई झाली. दोन्हीकडं मुघलांचेच सरदार! निजाम-उल-मुल्कानं मुबारिझखानाला मारलं, गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं आणि दख्खन दिल्लीच्या हातून गेली. वऱ्हाडात मग निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअंमली आली. रयतेला दोन-दोन वसुलीवाले.

चित्त्याचं काय झालं म्हणता? माळरानं शेतीखाली गेली, हरणं कमी झाली, इंग्रजांच्या अमलात त्याला मारायला बक्षिसंही लागली. विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांना शिकारीसाठी चित्ते आफ्रिकेतून मागवावे लागले. आपल्याच देशातल्या कोरिया संस्थानाच्या राजानं १९४७ मध्ये एका रात्रीत तीन मारले, ते भारतातले शेवटचे म्हणतात. १९५२ साली सरकारनं चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

१७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोच्या राष्ट्रीय उद्यानात आले. पुढच्या मार्चात एका मादीला चार पिल्लं झाली. मेच्या उन्हात त्यांतली तीन दगावली, एक जगली. जहांगीराची मात्र तिन्ही मोठी झाली होती.

आपल्या कारंजा-सोहोळला का नाही आणत? तिथं काळविटं आहेत, हे खरं. पण ते अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं, आणि चित्त्याच्या एका मादीचा फेरा शेकडो चौरस किलोमीटरचा. दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या तरी सोयाबीनमध्ये असेल, आणि मग वनखात्याला फोन तुमचाच बाप करील.