विल ग्रॅहमला नेमकं काय दिसतं?

आजचा विषय वरवर हलकाफुलका वाटेल. एफबीआयचा एखादा विलक्षण तपासनीस, त्याच्यावरची कादंबऱ्यांची मालिका आणि रात्री दोनपर्यंत पुस्तक खाली न ठेवणारे आपण. असं वाचताना आपण नेमका कशावर विश्वास ठेवत असतो, एवढा एकच प्रश्न आज घेऊ. उदाहरण थॉमस हॅरिस यांच्या मालिकेचं आहे. ‘रेड ड्रॅगन’ १९८१ साली आली, ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ १९८८ साली. कथानकाची गुपितं फोडावी लागणार आहेत, त्याबद्दल आधीच माफी.

पहिली गोष्ट म्हणजे, तपासनीस ‘फेडरल’च का? अमेरिकेत खुनाचा तपास सहसा स्थानिक पोलिसांकडे असतो. ‘रेड ड्रॅगन’मध्ये एक कुटुंब अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये मारलं जातं, दुसरं जॉर्जियातल्या अटलांटात. दोन राज्यं, दोन पोलीस खाती, दोन वेगळ्या फायली. या फायली शेजारी शेजारी ठेवून वाचणारा कोणीतरी लागतो. कादंबरीकाराला एफबीआय लागते ती इथे.

आता विल ग्रॅहम. समोरच्या माणसाच्या मनात शिरून त्याच्यासारखा विचार करणं त्याला जमतं, नव्हे, तो ते थांबवू शकत नाही. हॅनिबल लेक्टरला पकडताना तो मरता मरता वाचलेला आहे. नोकरी सोडून फ्लोरिडात बायकोमुलासोबत राहतो आहे. वरिष्ठ जॅक क्रॉफर्ड त्याला परत बोलवायला येतो, तेव्हा आपण वाचक मनातून क्रॉफर्डच्या बाजूचे असतो. हा गेला नाही तर पुढचं कुटुंब मरेल, आणि खरं सांगायचं तर, गोष्टही पुढे जाणार नाही! ग्रॅहमला मात्र आपली ही शक्ती वरदान वाटत नाही. तिची त्याला भीती वाटते.

पण या शक्तीने गुन्हा सुटतो का? मारेकरी नेमका कोण, हे ग्रॅहमला तिच्यामुळे कळत नाही. उलगडा होतो तो एका बोल्ट कटरमुळे. मारेकऱ्याने कुलूप कापायचं हत्यार बरोबर आणलेलं असतं, पण त्या घराच्या दाराला बाहेरून कुलूपच नाही. मग आणलं कशाला? ग्रॅहम त्या कुटुंबाने हौसेने काढलेली घरगुती फिल्म पुन्हा पुन्हा बघत बसतो. फिल्ममध्ये जुनं दार आहे, त्याला कुलूप आहे. दार नंतर बदललेलं. म्हणजे मारेकऱ्याने घर पाहिलं ते या फिल्ममध्ये! दोन्ही कुटुंबांच्या फिल्म धुतल्या गेल्या त्या सेंट लुईसच्या एकाच लॅबमध्ये.

म्हणजे शक्तीने काय केलं? योग्य जागी रेंगाळायला लावलं. उत्तर दिलं ते वस्तूने.

पुढच्या कादंबरीत क्लॅरिस स्टार्लिंगचंही तसंच. ती तर अजून प्रशिक्षणार्थी. मृत मुलीच्या पाठीवरची कातडी विशिष्ट आकारात का कापली, हे बड्या तज्ज्ञांना उमगत नाही. क्लॅरिस पहिल्या बळीच्या घरी जाते, शिवणाची खोली बघते आणि तिला आकार ओळखू येतो. आपल्याकडे शिंपी ज्याला टक्स म्हणतात, तोच तो. मारेकऱ्याला शिवणकाम येतं! त्याच वेळी क्रॉफर्डची सशस्त्र तुकडी भलत्याच घरावर जाऊन धडकते.

हे एवढं तपशिलात सांगायचं कारण पुस्तकाबाहेर आहे. एफबीआयने क्वांटिको इथे वर्तनशास्त्राचा विभाग १९७२ साली सुरू केला. गुन्ह्याच्या पद्धतीवरून गुन्हेगार कोणत्या प्रकारचा असेल याचा अंदाज बांधायचा, त्याला प्रोफाइल म्हणतात. शब्द लक्षात घ्या, ‘प्रकारचा’. प्रोफाइल एका माणसाकडे बोट दाखवत नाही. पण अशा कादंबऱ्या आणि चित्रपट पाहून आपल्याला वाटू लागतं की दाखवतं.

२७ जुलै १९९६. अटलांटात ऑलिम्पिक चालू असताना एका पार्कमध्ये बॉम्ब फुटला. रिचर्ड ज्यूएल नावाच्या सुरक्षारक्षकाने बेवारस पिशवी आधीच हेरली होती आणि लोकांना दूर हलवलं होतं. कित्येकांचे जीव वाचले. तीन दिवसांत तोच संशयित झाला. एकटा राहणारा, पोलीस व्हायची हौस, नायक बनण्यासाठी स्वतःच बॉम्ब ठेवणारा, अशा साच्यात तो बसतो म्हणे! पुरावा काही नव्हता. त्याच्या आईच्या घराची झडती झाली, दारात कॅमेरे बसले. ऑक्टोबरमध्ये सरकारने तो संशयित नसल्याचं लेखी कळवलं. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ २००३ साली सापडला. एका गावात रात्रीच्या गस्तीवरच्या नवख्या पोलिसाने दुकानामागे घुटमळणारा माणूस पाहिला आणि हटकलं, एवढंच.

ज्यूएलच्या बाबतीत साचा आधी आला आणि माणूस नंतर त्यात बसवला गेला. ग्रॅहम नेमकं उलट करतो. त्याला जे वाटतं ते फिल्मसमोर, दारासमोर ठेवून तपासतो.

म्हणून अशी मालिका वाचताना एक सवय लावून घेऊ. तपासनीस म्हणाला, “मला जाणवतंय,” की तिथे बोट ठेवायचं आणि पुढची पानं उलटताना विचारायचं, हे जाणवलेलं सिद्ध कशाने झालं? लेखकाने उत्तर दिलं असेल तर पुस्तक चांगलं. दिलं नसेल तर मजा घेऊ, हरकत नाही, पण उद्या बातम्यांत कोणी ‘हा माणूस अगदी तसाच वाटतो’ म्हणालं, तर तिथेही हाच प्रश्न विचारू.