मणिबेलीची जलवाट : वाहतूक आणि दर्शन यांच्या नात्याचा मागोवा

जलपर्यटनाच्या आधुनिक व्यवसायात एक व्यवस्था आता जगभर रुळली आहे. समुद्रपर्यटनाचे मोठे जहाज, ज्याला मराठीतही क्रूझ म्हणतात, बंदराला लागले की उतारूंना पुढच्या शहरात किंवा विमानतळावर पोहोचवणारी गाडी वाटेत एखाद्या किल्ल्यापाशी अथवा देवळापाशी तास-दोन तास थांबते, आणि पोहोचवणे व दाखवणे ही दोन्ही कामे एकाच फेरीत होतात. रोमचे बंदर मानल्या जाणाऱ्या चिवितावेक्किया येथे उतरलेल्या प्रवाशांना ब्राच्चानो सरोवराच्या काठचा ओडेस्काल्की घराण्याचा किल्ला दाखवून पुढे नेणे, हे याचे एक परिचित उदाहरण होय. ही व्यवस्था वरकरणी केवळ सोयीची दिसत असली, तरी तिच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे : वाट कोणाची, थांबा कोणासाठी आणि त्या दोहोंच्या आखणीत काठावर राहणाऱ्यांचे स्थान काय? नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली या नर्मदाकाठच्या गावाचा गेल्या सहा दशकांचा इतिहास या प्रश्नाच्या प्रकाशात वाचला असता, वाहतूक आणि दर्शन यांचे एके काळचे अभिन्न नाते कसे तुटले आणि ते पुन्हा जोडताना कशाची काळजी घ्यायला हवी, हे स्पष्ट होते.

अमरकंटकला उगम पावून सुमारे 1,312 किलोमीटरचा प्रवास करणारी नर्मदा महाराष्ट्राला केवळ उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या रांगा आणि दऱ्यांमधून वाहताना भेटते. मणिबेली हे या सीमेवरील, सरदार सरोवर धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळचे असे महाराष्ट्रातील गाव. या गावच्या काठावर शूलपाणेश्वराचे, म्हणजे हाती त्रिशूळ धारण करणाऱ्या शिवाचे, प्राचीन देवस्थान होते आणि त्याच्या नावावरूनच बडवानीजवळच्या राजघाटापासून पश्चिमेकडे पसरलेल्या घनदाट अरण्यपट्ट्याला शूलपाणीची झाडी हे नाव पडले होते. नदी सतत उजव्या हाताला ठेवून तिला संपूर्ण वळसा घालण्याचे जे व्रत नर्मदा परिक्रमा म्हणून ओळखले जाते, त्यात दक्षिण तटाने समुद्राकडे निघालेल्या परिक्रमावासीला ही झाडी पार केल्याखेरीज गत्यंतर नसे आणि झाडीच्या शेवटी शूलपाणेश्वराचे दर्शन हा त्या खडतर टप्प्याचा विसावा असे.

या जुन्या रचनेत चालणे आणि पाहणे ही दोन वेगळी कामे नव्हती, कारण वाट हेच व्रत होते आणि थांबा हा त्या वाटेचाच भाग होता. परिक्रमेत नदी ओलांडायची नसल्याने नावेचा उपयोग एकदाच होतो : मुखापाशी, जिथे दक्षिण तटावरून खाडी पार करून उत्तर तटावरील मिठी तलाईला पोहोचावे लागते. झाडीतील भिल्ल समाजाला परिक्रमावासी 'मामा' म्हणत आणि हे मामा यात्रेकरूंजवळचे सामान काढून घेतात, अशी वर्णने परिक्रमेच्या परंपरेत सर्वत्र आढळतात. या प्रथेकडे केवळ लूट म्हणून पाहणे अपुरे ठरते, कारण यात्रेकरू दुसऱ्याच्या मुलखातून जात आहे आणि तो मुलूख ज्यांचा आहे त्यांच्या अटी त्याने मान्य करायच्या आहेत, ही जाणीव त्या नात्यात होती. दर्शनाची वाट रहिवाशांच्या अंगणातून जात होती आणि अंगण कोणाचे याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता.

नर्मदेच्या खालच्या अंगाला जलवाहतुकीची परंपरा त्याहूनही प्राचीन आहे. आजचे भरूच म्हणजे प्राचीन भृगुकच्छ, ज्याला ग्रीक लेखक बॅरिगाझा म्हणत, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत असे नमूद आहे की तेथील धोक्याच्या मुखातून परदेशी जहाजे आत आणण्यासाठी राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी आपल्या लांब नावा घेऊन समुद्रात पुढे जात असत. परक्या पाहुण्याला सुखरूप काठाला आणण्याचे काम ज्यांना पाणी ठाऊक आहे त्यांच्याकडेच सोपवायचे, हे तत्त्व या नदीवर दोन हजार वर्षांपूर्वीही प्रस्थापित होते.

5 एप्रिल 1961 रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते सरदार सरोवर धरणाची कोनशिला बसली, तेव्हापासून या चित्राला नवे वळण लागले. राज्याराज्यांतील पाणीवाटपाचा तंटा सोडवण्यासाठी नेमलेल्या नर्मदा जलविवाद लवादाने 1979 मध्ये अंतिम निवाडा देऊन धरणाच्या जलाशयाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे पाणी जास्तीत जास्त जिथवर साठवायचे ती उंची, 138.68 मीटर ठरवली. या पातळीला जलाशयाची लांबी 214 किलोमीटरच्या आसपास जाते आणि महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित होतात. भिंतीला लागूनच असल्याने मणिबेली हे बुडणारे महाराष्ट्रातील पहिले गाव ठरणार, हे नकाशावरूनच दिसत होते.

म्हणूनच 1991 पासून, धरणाला विरोध करणाऱ्या नर्मदा बचाव आंदोलनाच्या पावसाळी सत्याग्रहाचे मणिबेली हे केंद्र बनले. जागतिक बँकेने 1985 मध्ये या प्रकल्पाला 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते, परंतु ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने जून 1992 च्या अहवालात पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही बाबतींतील उणिवांवर बोट ठेवल्यानंतर मार्च 1993 मध्ये उर्वरित कर्ज रद्द झाले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पाणी मणिबेलीच्या शेतांत आणि घरांत शिरले, आंदोलनाचे 'नर्मदाई' हे घरही त्यातून वाचले नाही, आणि शूलपाणेश्वराचे जुने देवालय त्या दशकात जलाशयात गडप झाले. पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारे आणि चाळीसहून अधिक देशांतील संघटनांनी पाठिंबा दिलेले निवेदन 'मणिबेली जाहीरनामा' या नावाने जगभर पोहोचले. परिक्रमावासींच्या पलीकडे फारसे कोणाला माहीत नसलेले गाव अशा रीतीने जगाच्या नकाशावर आले, पण ते ज्या वर्षांत आले त्याच वर्षांत त्याचा काठ नाहीसा होत गेला.

देवालय बुडाल्यानंतर शूलपाणेश्वराची नवी स्थापना धरणाच्या खालच्या अंगाला, गुजरातमधील गोरा येथील टेकडीवर झाली आणि चैत्रातील जत्राही तिथेच भरू लागली. मणिबेलीतील काही कुटुंबे गुजरातेत परवेटा येथे वसवली गेली, काही महाराष्ट्रात तळोदा परिसरात आली आणि काही डोंगराच्या वरच्या अंगाला सरकून गावातच राहिली. परिक्रमेची वाटही नदीकाठ सोडून सातपुड्यातून, धडगाव-मोलगी किंवा शहादा-प्रकाशा अशी दूरवरून वळली. दर्शन खाली गेले, वाट आत गेली आणि गावात राहिलेल्यांसमोर पाणी उरले. ज्या नदीकाठाने माणसे चालत होती, त्या नदीचा जलाशय झाल्यावर शेजारच्या पाड्यावर जायलाही नाव लागू लागली.

या नव्या जलवाहतुकीची तांत्रिक अडचण समजून घेतल्याखेरीज पुढचा इतिहास कळत नाही. समुद्राच्या बंदरात भरती-ओहोटीचा फरक रोजचा आणि ठराविक असतो, त्यामुळे धक्का बांधता येतो. जलाशयाचे तसे नाही. सरदार सरोवराची किमान उपयुक्त पातळी 110.64 मीटर आणि पूर्ण संचय पातळी 138.68 मीटर, म्हणजे या दोहोंत 28 मीटरचा, साधारण नऊ मजली इमारतीएवढा, फरक आहे. भाद्रपदात जिथे नाव लागते ती जागा वैशाखात पाण्यापासून खूप वर, भेगाळलेल्या गाळाच्या उतारावर राहते आणि धान्याचे पोते, सिलिंडर किंवा आजारी माणूस यांना तो उतार उतरवून पाण्यापर्यंत न्यावे लागते. पक्का घाट येथे वर्षातील काही महिनेच कामाचा ठरतो, पातळीबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का हाच खरा उपाय. लाकडाची लहान डुंगी, यंत्रावर चालणारी होडी, लाँच आणि सपाट तळाचा बार्ज या साधनांनी काठावरच्या लोकांनी आपली वाहतूक चालवली आणि त्यात जलाशयात मासेमारी करणाऱ्यांच्या नावांचा वाटा मोठा राहिला.

1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याने या गावांसाठी तरंगता दवाखाना आणि बोट ॲम्ब्युलन्स, म्हणजे रुग्णांना पाण्यावरून नेणारी रुग्णवाहिका, सुरू केली, ही महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेतील वेगळी नोंद आहे. तथापि या सेवेच्या मर्यादा 2020 च्या टाळेबंदीत उघड झाल्या. याच काठावरील चिमलखेडी येथील अंगणवाडी सेविका एका मासेमाराची लहान होडी मागून घेऊन, स्वतः वल्हवत, सुमारे 18 किलोमीटर अंतरावरील पाड्यांवरच्या गरोदर स्त्रिया, नवजात बालके आणि कुपोषित मुले यांच्यापर्यंत आहार व तपासणीचे साहित्य पोहोचवत राहिल्या. पाठीवर पोषण आहाराची पिशवी, हातात वल्हे आणि किनाऱ्याला लागल्यावर डोंगर चढून पुन्हा पायपीट, असा त्यांचा दिनक्रम होता. एका कर्मचारी स्त्रीच्या निष्ठेने यंत्रणेतील पोकळी भरून निघाली, याचा गौरव करतानाच ती पोकळी तिथे होती याची नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.

याच काळात भिंतीच्या खाली मात्र वेगळे जग उभे राहत होते. जून 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद करण्यास परवानगी मिळाली, सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला, आणि त्याआधी 31 ऑक्टोबर 2018 रोजी धरणापासून सुमारे सव्वातीन किलोमीटरवरील साधू बेटावर सरदार पटेलांच्या 182 मीटर उंचीच्या पुतळ्याचे उद्घाटन झाले. पाठोपाठ 2020 मध्ये नदीवर क्रूझ सुरू झाली, जानेवारी 2021 मध्ये धरणाजवळच्या केवडियाला रेल्वे आली. राजपीपळ्याच्या संस्थानिकांचे राजवाडे, गोऱ्याचे नवे देवस्थान आणि पुतळा यांना एका फेरीत गुंफणाऱ्या सहली त्यानंतर सहज शक्य झाल्या. तेथे नावेने पोहोचणे आणि स्थळदर्शन यांची जुळणी इतकी सुलभ होण्यामागे एक अभियांत्रिकी कारणही आहे : गरुडेश्वर येथील बंधाऱ्यामुळे भिंतीखालचे पाणी तुलनेने स्थिर पातळीवर राहते आणि स्थिर पाण्याला धक्का बांधता येतो. वरच्या अंगाला 28 मीटर हलणारा काठ आणि खालच्या अंगाला जागच्या जागी राहणारा काठ, ही एकाच भिंतीची दोन फळे आहेत.

वरच्या अंगाला दर्शनाची ओढ संपली होती असे नाही. जानेवारी 2019 मध्ये संक्रांतीला नर्मदेच्या पूजनासाठी अक्राणी तालुक्यातील भुषा येथे जमलेल्या लोकांची नाव उलटून लहान मुलांसह अनेकांचा मृत्यू झाला. नावेची क्षमता, तरंगजाकीट आणि प्रशिक्षित नावाडी या गोष्टी पर्यटनाच्या धक्क्यावर गृहीत धरल्या जातात. नदी ज्यांचे दैवत आहे आणि पाणी ज्यांचा रस्ता आहे, त्यांच्या काठावर त्या तितक्याच निश्चितपणे असायला हव्या होत्या.

वाहतूक आणि दर्शन एकाच नावेत बसू शकतात, याचा दाखला महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर आहे. 1664 मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी ज्याची पायाभरणी केली, त्या सिंधुदुर्गावर आजही काही कुटुंबे राहतात आणि मालवणच्या धक्क्यावरून पर्यटकांना किल्ल्याकडे नेणाऱ्या होड्या स्थानिक व्यावसायिकांच्याच आहेत. मुरूडजवळ राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्यांवरही गावच्याच माणसांची हुकमत चालते. तेथे किल्ला पाहायला येणाऱ्याच्या तिकिटावर काठावरचे घर चालते, आणि पाहुणा व रहिवासी यांना एकच वारा, एकच लाट आणि एकच नावाडी लाभतो.

राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम 2016 नुसार देशातील 111 जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यांत नर्मदेचा क्रमांक 73 आहे. मध्य प्रदेशातील कुक्षी परिसरातून जलाशयावरून पुतळ्याकडे क्रूझ नेण्याची योजनाही जाहीर झाली असून, ती प्रत्यक्षात आल्यास तिची वाट नंदुरबारच्या काठासमोरून आणि शूलपाणेश्वराप्रमाणेच जुने देवालय पाण्याखाली गेलेल्या हापेश्वर या ठिकाणावरून जाईल. नाव 1,210 मीटर लांबीच्या भिंतीपुढे जाऊ शकत नसल्याने उतारूंना वर उतरून गाडीने खाली न्यावेच लागेल, म्हणजे बंदरावरून स्थळदर्शनाकडे नेण्याची तीच जागतिक व्यवस्था आता मणिबेलीच्या शेजारी येऊन ठेपेल.

या टप्प्यावर गेल्या साठ वर्षांतून निघणारा निष्कर्ष निःसंदिग्ध आहे. परिक्रमेच्या काळात वाट आणि दर्शन एक होते, कारण दोन्ही रहिवाशांच्या भूमीतून जात होती. धरणानंतर ती वेगळी झाली, कारण दर्शनाचे नियोजन झाले आणि वाटेचे राहून गेले. म्हणून नव्या योजनेत पहिला तरंगता धक्का मणिबेली, चिमलखेडी आणि भुषा यांसारख्या गावांच्या रोजच्या ये-जा करण्याच्या जागी उभा राहिला पाहिजे, पर्यटकांच्या नावेइतकीच सुरक्षितता शाळकरी मुलांच्या आणि रुग्णांच्या नावेला मिळाली पाहिजे आणि ती चालवण्याचा पहिला हक्क जलाशयात ज्यांची शेते गेली त्यांच्या सहकारी संस्थांचा असला पाहिजे. असे झाले तर क्रूझचा थांबा गावाला उपकारक ठरेल. अन्यथा मणिबेलीसमोरून पाहुणे जातील आणि मणिबेलीची माणसे पूर्वीसारखीच गाळाचा उतार उतरून नावेची वाट पाहत राहतील, आणि तो दोष नदीचा वा डोंगराचा नसून सर्वस्वी नियोजनाचा असेल.